टिआराच्या पट्टीतली गाठ

आल्टेनवांग,
१० मार्च १९७२

चि. झेन्झीस,
बुर्गीताईचे अनेक आशीर्वाद.

पोर्तुहून पाठवलेला अंजिरांचा डबा पोचला. निम्मी अंजिरं माइनराडने उभ्याउभ्याच संपवली. घराण्याचं संस्थान जाऊन पन्नास वर्षं झाली, आपल्या भावाची भूक मात्र अजून राजाचीच आहे.

त्याच्या ओटिलीचं लग्न सहा मेला ठरलं. नवरीच्या डोक्यावरच्या हिऱ्यांच्या टिआराला आतून पट्टी शिवायचा मान पुन्हा माझ्याकडे, कारण घरात बिनलग्नाची बाई मीच एक उरलेय. ओटिलीचे केस तांबूस, म्हणून तांबूस मखमल आणली आणि काल जुनी काळी पट्टी उसवायला बसले. एकोणपन्नास साली माइनराडची नवरी होऊन पिरोश्का आली तेव्हा ती मीच शिवली होती. तेवीस वर्षांत एक टाका हललेला नाही. शेवटच्या गाठीत रीतीप्रमाणे तिचाच केस घातला होता, तोही तस्सा काळाभोर. मग पट्टी गुंडाळून, तिच्या नावाची चिठ्ठी लावून पेटीच्या खालच्या खणात ठेवली, आई-आजी-पणजीच्या पट्ट्यांशेजारी.

आणि टिआरावर उरलेले धागे कापताना कात्री निसटली. टोक मधल्या मोठ्या हिऱ्याला लागलं आणि झेन्झी, हिऱ्याला चरा पडला! पोलादाने हिऱ्याला कधी चरा पडतो का? बाबांनी शिकवलं होतं तशी फुंकर घातली. हिऱ्यावर वाफ धरत नाही, इथे तर धुकं बसलं ते हलेचना. एकेक करून अठ्ठावीस खडे तपासले. अठ्ठावीसही काच.

मनात पाल चुकचुकली ती आजची नाही. पेटीची किल्ली ती हंगेरीवाली पिरोश्का गळ्यातून काढत नाही, अंघोळीलासुद्धा; कालही पेटी तिनेच उघडून दिली. माइनराडच्या पन्नाशीला डोकं दुखतंय म्हणून टिआरा घातला नाही. मागच्या वर्षी संग्रहालयाचे लोक प्रदर्शनासाठी मागायला आले, तर तिने त्यांना केक खायला घालून गोडीगुलाबीने वाटेला लावलं. आता कळलं का ते! आईने जीव लावून जपलेली वस्तू, आणि हिने घरच्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली. मी स्वस्थ बसणार नाही.

दिनीशला आणि मुलांना गोड पापे. तुझा लोभ आहे म्हणूनच हे तुला पहिल्यांदा सांगितलं.

तुझी
बुर्गीताई


पोर्तु,
१७ मार्च १९७२

ति. बुर्गीताईस,
झेन्झीचा शि. सा. न.

तुझं पत्र वाचताना मासा करपला. दिनीश म्हणाला, तुझ्या ताईचं पत्र आलं की आमचा उपास ठरलेलाच.

ताई, हात जोडते, तांबूस पट्टी शिव, ओटिलीच्या केसाने गाठ मार आणि गप्प बस. चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात काच आणि हिरा सारखेच चमकतात. सहा मेपर्यंत तरी तोंडाला कुलूप घाल. लग्नघरात चोराचं नाव घेऊन कुणाचं भलं झालंय?

आणि पिरोश्कावहिनीवर बोट ठेवायच्या आधी आपलंच पत्र पुन्हा वाच. खडे कसे बसवलेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. प्रत्येक खडा मागून बारीक स्क्रूने आवळलाय आणि सगळे स्क्रू पट्टीखाली आहेत. पट्टी न उसवता एक खडा जरी काढता येत असला तर मी माझं नाव बदलीन. तूच लिहितेस की तुझा टाका न् टाका जागेवर होता, गाठीत तिचा केस होता. मग तिने काढले कधी आणि कसे?

खोकला कसा आहे? सकाळी बागेत जाताना शाल घेत जा. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी
झेन्झी


आल्टेनवांग,
२५ मार्च १९७२

चि. झेन्झीस आशीर्वाद.

तुझं पत्र येण्याआधीच मी माइनराडला सांगून बसले होते. माझी जीभ अशीच, काय करू.

त्याने बायकोला विचारलं. तिने नाकारलं नाही, कबूलही केलं नाही. गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, तुम्हाला जे वाटतं तेच खरं धरा, मला यावर बोलायचं नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. ती सूप वाढते, तो खिडकीबाहेर बघत पितो. ईस्टरनंतरच्या रविवारी सगळं कुटुंब जेवायला जमेल, तेव्हा हे सर्वांपुढे मांडायचं त्याने ठरवलंय. ती व्हिएन्नाला बहिणीकडे जायची बॅग भरतेय. ओटिली रडून रडून सांगतेय की आई नसेल तर मी चर्चची पायरी चढणार नाही.

आणि आता गाठीचं. तू म्हणतेस ते खरंय. मीच शिवलेलं मीच विसरले. पट्टी उघडली गेलीच नाही, म्हणजे खडे तिच्या लग्नाआधीच बदलले होते. मग मी तेव्हाचं आठवायला बसले. एकोणपन्नासमध्ये आईने टिआरा माझ्या हाती दिला तो पुढून पातळ कापडात शिवून. म्हणाली, बोटं लागून हिरे मंदावतात, तू फक्त मागची बाजू बघ. मला तेव्हा ते कौतुकाचं वाटलं होतं.

त्याआधी घरात होतं कोण? बाबा केव्हाच गेलेले. माइनराड अठ्ठेचाळीसपर्यंत युद्धकैदी. मी सत्तेचाळीसचा सगळा हिवाळा अंथरुणात. उरली आई, आणि उरलीस तू. माइनराड परतला त्याच वर्षी तू लग्न करून पोर्तुला गेलीस. तुझ्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याचा फोटो मी भिंग लावून पाहिला. कानात लोंबतंय ते काय आहे, झेन्झी? आणि गप्प बस म्हणून एवढी गळ का घातलीस? तू माझी धाकटी बहीण, तरी लिहिते. रविवार नऊ एप्रिल. त्याआधी खरं काय ते कळव, नाहीतर मी तुझंही नाव घेईन.

कळव. लोभाचं पुढे बघू.

बुर्गी


पोर्तु,
१ एप्रिल १९७२

ति. ताईस,
साष्टांग नमस्कार.

कानातले सासूबाईंचे आहेत. तू त्यांना भेटली असतीस तर हिऱ्यांची शंकासुद्धा आली नसती. त्या बाईने मला कधी मोठा मासा वाढला नाही.

पण हो, खडे मी काढले. या माझ्या हातांनी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तुझ्याच शिवणयंत्राच्या छोट्या पेचकसाने. आई एकेक खडा रुमालात ठेवत होती.

सत्तेचाळीसचा जानेवारी आठव. तुला आठवणार नाही, तू तापात होतीस. दोन्ही फुप्फुसं भरली होती. डॉक्टर म्हणाले, नवीन इंजेक्शनं मिळाली तर वाचेल, नाहीतर पाद्रीबाबांना बोलवा. आपल्याकडे ती कुठेच मिळत नव्हती. आई सरोवराच्या काठापर्यंत बर्फातून चालत गेली, पलीकडच्या देशातून चोरून माल आणणाऱ्या माणसाला भेटली. त्याला ना आपले गालिचे हवे होते, ना आपलं नाव. त्याने हिरे मागितले. आधी आठ, मग आणखी आठ, आणि तू उठून बसलीस तेव्हा रुमाल रिकामा झाला होता. आपल्या तबेल्यात बोहेमियातले निर्वासित राहत होते ना, त्यातल्या काच कापणाऱ्या म्हाताऱ्याने तसेच अठ्ठावीस खडे करून दिले. मोबदल्यात त्याने फक्त बाबांचा हिवाळी कोट मागितला.

आईने मला क्रुसावर हात ठेवायला लावला. म्हणाली, बुर्गीला कधी कळता कामा नये. ती घराण्याच्या प्रत्येक चमच्याला जपणारी मुलगी आहे, मी जगले तेच चुकलं असं म्हणत बसेल.

आता वहिनीचं ऐक. लग्नाच्या दिवशी टिआरा डोक्यावर ठेवताच तिने ओळखलं. तिचे आजोबा जवाहिरे होते. हिरा बोटाला गार लागतो, हा लगेच कोमट झाला, असं ती आईच्या कानात म्हणाली. चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या मागच्या खोलीत आईने तिला सगळं सांगितलं, मी लग्नाला आले होते ना, तिथेच उभी होते. वहिनीने आईचा हात धरून शब्द दिला. म्हणून ती किल्ली गळ्यात. म्हणून ते डोकं दुखणं आणि प्रदर्शनाला नकार. आणि म्हणूनच आज नवरा तोंड फिरवून बसलाय तरी ती बोलत नाही. तुझ्यासाठी, ताई. तू तिला हंगेरीवाली म्हणतेस ना, तिने तेवीस वर्षं तुला सांभाळलंय.

मी शपथ मोडली. आईला वर काय सांगायचं ते मी बघेन. तू रविवारी काय करायचं ते बघ.

झेन्झी


आल्टेनवांग,
९ मे १९७२

माझ्या झेन्झीस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र त्या जेवणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी आलं. मी बागेत वाचलं आणि बाकावर बसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कितीतरी वर्षं मी त्या पेटीवरची धूळ पुसत होते आणि पिरोश्काच्या बायकोपणावर, आईपणावर डूख धरून होते. माझी मलाच लाज वाटली, अजून वाटते.

रविवारी सूप वाढून झालं आणि माइनराड उठणार तेवढ्यात मीच उठले. सगळ्यांसमोर सांगितलं की हिरे मी खाल्ले, सत्तेचाळीस साली, इंजेक्शनातून, आणि चोर कुणी असेल तर ती मी. माइनराड उठून बायकोपाशी गेला आणि तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. मी पिरोश्काची माफी मागितली. ती म्हणाली, आता पुरे करा वन्सं, सूप निवतंय. सांगते तुला, त्या बाईने इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा दटावलं आणि मला बरं वाटलं. व्हिएन्नाची बॅग तिने त्याच दुपारी उघडली.

लग्न छान झालं. तांबूस पट्टी मी शिवली, गाठीत ओटिलीचा केस. चरा पडलेला खडा तसाच मधोमध ठेवला. चर्चमध्ये माझ्या बाकापुढेच टिआरा डोक्यावर बसताच ओटिली कुजबुजली की ममा, हा किती हलका आहे! पिरोश्का तिची जाळीची ओढणी सारखी करत म्हणाली, जड भाग तिकडे पहिल्या बाकावर बसलाय, शाल पांघरून, जरा बघ त्याच्याकडे. पोरीने वळून पाहिलं. मी रडले, चारचौघांत, हातरुमालही न शोधता.

काल पेटी बंद करायला गेले तर खालच्या खणात एक नवीन पट्टी दिसली, राखाडी मखमलीची. नवरी झाली नाही तिची पट्टी त्या खणात कधी ठेवली गेलेली नाही, हे तुला माहीतच आहे. टाके वेडेवाकडे, पिरोश्काला शिवता येत नाही. शेवटची गाठ मात्र घट्ट होती, आणि तिच्यात एक पांढरा केस. माझ्या कंगव्यातून घेतला असणार. सोबत चिठ्ठी होती, तिच्यावर माझं नाव.

लोभ तर आहेच गं, तो आता भिंग न लावता धरीन.

तुझी
बुर्गीताई