फवारा न मारलेली ओळ

१७ नोव्हेंबर, सोमवार

मेली. नाही — मारली. मी मारली. निदान इथं तरी खरं लिहावं.

काल सासरी अकोल्याला गेलो होतो, बाबांच्या मळ्यात. वांग्याच्या ओळीत बाबाच ओरडले, "रागिणी, हे पाह्य वं! लेकरं पाठीवर घेऊन फिरून राहिली!" कोळ्याची मादी, बाबांच्या बोलीत कोयीन. पाठीवर पिल्लांचा नुसता ढीग! वर्षभर मॅक्रो लेन्स घेऊन फिरतेय, असलं काही मिळालं नव्हतं. पण बाई क्षणभर थांबेल तर शपथ. दुपारभर ढेकळांमागं पळाले, एक फोटो धड नाही. शेवटी बाबांच्या नकळत डबीत घातली आणि अमरावतीला आणली.

आणून काय करतात ते आम्हा फोटोवाल्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. डबी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायची. जीव गारठतो, सुस्तावतो. बाहेर काढायचा, मांडायचा, भराभर फोटो काढायचे. ऊब लागली की जातो आपल्या वाटेनं. मी आज घाईत डबी खाली ठेवायची ती वर ठेवली, बर्फाच्या कप्प्यात. तेवढ्यात राजापेठेच्या क्लासमधून फोन — मॅडम, बारावीची बॅच लवकर घ्या. गेले. जीवशास्त्र शिकवून आले!

परत आले तर डबीत आई पाय आखडून पडलेली, पिल्लं तळाशी मोहरीसारखी सांडलेली.

आणि मग? रडले? छे! कॅमेरा काढला. ओल्या काडीनं एकेक पिल्लू उचलून तिच्या पाठीवर परत रचलं. पाय सरळ केले. वांग्याच्या पानावर बसवली. वरून पाणी शिंपडलं — म्हणे दव!

फोटो देखणा आला. त्याचीच जास्त लाज वाटतेय.

२९ नोव्हेंबर

आमच्या फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनासाठी त्या फोटोची निवड झाली. क्लबच्या भगवंत सरांचा फोन, "मॅडम, काय संयम हो तुमचा! किती बसावं लागलं?"

"तीन पहाटा," मी म्हणाले. कुणी गळा धरला होता? काही गरज नव्हती. तरी म्हणाले. मग बाबांनाही तेच सांगावं लागलं, तुम्हाला न उठवता पहाटे परस्पर मळ्यात येऊन गेले म्हणून.

१४ डिसेंबर, रविवार

पहिलं बक्षीस.

बाबा आणि आई अकोल्याहून एस.टी.नं आले. बाबांनी लग्नातला शर्ट घातलेला. फोटोपुढून हलेनात. येईल त्याला सांगत होते, "हे आमच्या वावरातली हाय. हे आमची सून." अनोळखी माणसांना थांबवून! मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग माइक दिला हातात. मी बोलले — पहाटेच्या थंडीबद्दल, वाट बघण्याबद्दल. "निसर्गाला घाई चालत नाही," असं खणखणीत वाक्य टाकलं. बर्फाच्या कप्प्यातला निसर्ग! टाळ्या. सगळ्यात जास्त बाबांच्या.

निघताना मला बाजूला घेतलं. "त्या वळीले मी आता फवारा नाई मारत. तुयी कोयीन हाय थितं, लेकरायसंगं. औषदानं मरन ना बिचारी."

तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणाले, "गर्दी असेल बाबा, गाडी लवकर धरा."

२१ डिसेंबर

बाबा आता पहाटे वांग्यात जाऊन बसतात. मी बसले होते ना! आईंनी सांगितलं, घोंगडी घेऊन बसतात, हलत नाहीत.

आज त्यांचा फोटो आला व्हॉट्सॲपवर. तपकिरी डाग, बाकी सगळं धुरकट. मागोमाग आवाज, "भेटली रागिणी! तुयीच हाय. लेकरं हायेत पाठीवर. पन थांबत नाई वं. तू कशी थांबवली?"

फोटो मोठा करून पाहिला. खरंच मादी, खरंच पिल्लं. माझी नव्हेच, दुसरी. महिना उलटलाय, आणि पिल्लं आईच्या पाठीवर फार तर आठ-दहा दिवस असतात. हे मीच शिकवते. त्यांना कुठून माहीत असणार?

मी अंगठा पाठवला. वर "मस्त!!" दोन उद्गारचिन्हं.

३ जानेवारी

आईंचा फोन. वांग्यात अळी घुसली. त्या ओळीतून सुरू झाली आणि शेजारच्या वाफ्यात पसरली. शेंडे माना टाकताहेत. "आयकत नाईत कोनाचं. किशोर बोलला तं त्याच्यावर खेकसले. सुनेची कोयीन हाय म्हन्तेत."

जेवताना किशोर म्हणाला, "तू सांग नं बाबाले. तुयं आयकतीन." नवऱ्यालाही काही माहीत नाही. भाजी वांग्याचीच होती. माझी वाटी त्याच्याकडं सरकवली.

४ जानेवारी

फोन लावला. तब्येतीची चौकशी केली. ठेवला.

११ जानेवारी, रविवार

सांगितलं.

एकटीच गेले. बाबा आधी हात धरून ओळीत घेऊन गेले — "ये, दाखवतो." ढेकळाआड होती ती. आम्ही वाकलो आणि सुर्रकन पळाली. बाबा हसले. त्या हसण्यावरच मला रडू फुटलं. उभ्या उभ्या सगळं ओकले. डबी, बर्फ, काडी, पाणी. तीन पहाटा खोट्या.

बाबांनी विचारलं, "लेकरंयी?"

"हो बाबा."

"अन थे मेलेले लेकरं तू परत पाठीवर मांडले."

मान हलवली. धरणी दुभंगावी असं वाटलं.

"मंग हे कोन हाय?"

"ही दुसरी."

बाबांनी एक किडकं वांगं तोडलं, हातात फिरवलं, बांधावर फेकलं. "मंग मी कोनाची राखन करून राहिलो इतक्या दिवसाची?"

मी नुसती रडत राहिले. मला माफ करा, माझं चुकलं — मी, माझं, मला. ते घराकडं निघून गेले. चहालाही थांब म्हणाले नाहीत.

तरी परतीच्या गाडीत हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. उद्या भगवंत सरांना सांगून बक्षीस परत करते.

१२ जानेवारी

आईंचा फोन, खुशीत. "बरं झालं बाई तू येऊन गेली. तुयं आयकलं यायनं. आज उठल्या उठल्या पंप पाठीवर घेतला. सगळ्या वांग्याले फवारा मारला — थ्या वळीलेयी."

कोणाची राखण, म्हणून त्यांनी विचारलं होतं. हिची, बाबा. ढेकळाआडच्या हिचीच. एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.