आईचे गुडघे आणि माझा पहिला नंबर

४ फेब्रुवारी

आमच्या कोकंदच्या दवाखान्यात प्रशिक्षण सुरू. शिकवायला ताश्कंदहून मुअत्तर ओपा, म्हणजे मुअत्तरताई, आल्यात. गुडघे झिजलेल्यांना नुसते व्यायाम देऊन भागत नाही, वजनही उतरवायला मदत करायची – आणि ते काम आता आम्हा फिजिओथेरपिस्टांचं! प्रत्येकीने एक रुग्ण घ्यायचा. जिच्या रुग्णाला सगळ्यात जास्त गुण येईल ती पहिली, आणि तीच पुढच्या तुकडीला शिकवणार.

ती मीच. रुग्ण घरातच आहे. आई.

६ फेब्रुवारी

ओपांचा पहिला नियम – "आधी विचारायचं, वजनाबद्दल बोललं तर चालेल का? नको म्हणाले तर विषय तिथेच सोडायचा."

आईला विचारलं. "नको गं हुमोरा," म्हणाली.

तरी बोललेच. असले नियम परक्यांसाठी असतात.

१५ फेब्रुवारी

तंदूर बंद केला. पीठ शेजारच्या ओयशाखोलाला देऊन टाकलं. आता घरात नान एकच – इक्बोलचा, भिंतीवर फडक्यात टांगलेला. भाऊ कोरियाला निघाला तेव्हा त्याने एक चावा घेतला होता. उरलेला परत आल्यावर त्यानेच संपवायचा – आमच्याकडची रीत, चावलेला नान माणसाला घरी परत आणतो. आई रोज त्यावरची धूळ झटकते.

"तो तरी कुरतडू नकोस," मी म्हटलं. तिने चटकन हात मागे घेतला. मला हसूच आलं.

२ मार्च

वर्गात रुग्णाशी कसं बोलायचं ते मी करून दाखवलं. काय मऊ आवाज लावला होता! ओपा म्हणाल्या, "पाहिलंत? समोरच्याला लाज न आणता असं बोलायचं."

घरी येते तर आईच्या उशीखाली खडीसाखर! "चोरून खातेस? या वयात? आणि संडासला जाताना माझाच खांदा हवा!" रडली. रडू दे. रडून कुणाचे गुडघे बरे झालेत?

२१ मार्च

नवरोज. ओयशाखोलाच्या अंगणात गल्लीतल्या सगळ्या बायका. पुलावाची परात आली, आईने हात पुढे केला. मी परात ओढून घेतली – "हिला नको. हिचं पोट तुमच्या तंदुरापेक्षा मोठं आहे." दोघीतिघी हसल्या.

"अगं, आई आहे तुझी!" ओयशाखोला म्हणाली.

"म्हणूनच!"

आई नुसता चहा पीत बसली.

३० मार्च

बोलत नाही माझ्याशी. पण न सांगता व्यायाम करते! खुर्चीवरून उठबस, पायऱ्या, अंगणात फेऱ्या. धाकाने का होईना, गुण येतोय.

२८ एप्रिल

सात किलो उतरलं! जिना काठीशिवाय उतरली. अजून बोलत नाही.

१६ मे

पहिली आले!! ओपांनी आईला सगळ्यांसमोर चालून दाखवायला लावलं. "आता कसं वाटतं?"

"बरं वाटतं. आता एकटीने बस स्टँडपर्यंत जाता येईल मला."

टाळ्या. मीही वाजवल्या.

१७ मे

दवाखान्यातून आले तर घरात कुणी नाही. ओयशाखोलाने सांगितलं – आईने सकाळी तिच्या तंदुरात नान भाजला आणि पिशवी घेऊन मर्गिलानला मावशीकडे निघून गेली. स्टँडपर्यंत चालत. काठी दाराशीच आहे.

इक्बोलच्या नानाशेजारी नवा खिळा. त्यावर फडक्यात तिचा नान. सोडून पाहिला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

सबंध आहे.