श्रुतिकारिष्ट

२ नोव्हेंबर
दशमूलारिष्टाचा एक चमचा. माझं आयुष्य तिथे बदललं.
समोरच्या दारातली श्रुतिका मामाच्या आयुर्वेदिक दुकानात आली, बाळंतीण वहिनीसाठी बाटली न्यायला. चमचाभर चाखलं, डोळे मिटले. म्हणाली, कृणाल, ही तर लिक्युअर आहे रे! ती एअरपोर्टजवळच्या हॉटेलात बार सांभाळते, तिला कळतं. तिकडे युरोपात मठातल्या साधूंनी पोटदुखीवर म्हणून जडीबुटी मुरवली, आता लोक जेवणानंतर ऐटीत पितात म्हणे. आपली बाळंतिणीच्या उशाशी पडलीय.
पुढच्या महिन्यात ती मस्कतला चाललीय, नोकरीला. जाणार नाही. मी बनवतो तिच्यासाठी असंच अरिष्ट. एक घोट, की बॅग परत माळ्यावर.

३ नोव्हेंबर
मामा म्हणाला, बी.फार्म. अर्ध्यात सोडलंस, आसव तरी पुरं करशील? दुकानातली नोकरी त्याच्या तोंडावर फेकली. (त्याने काढायच्या आधी.)
आजपासून राग बंद.

५ नोव्हेंबर
मनुका, गूळ, दालचिनी, आंबवायला धायटीची फुलं. पुस्तकात लिहिलंय, बरणी धान्याच्या राशीत पुरावी, महिनाभर हलवू नये. मरोळच्या वन रूम किचनमध्ये रास कुठली? तांदळाच्या पिंपात पुरली. आईला बोललो नाही.

९ नोव्हेंबर
आईचा हात बरणीला लागू नये म्हणून तांदूळ मीच काढून देतो. घराबाहेर पाऊल नाही. आई मजलाभर सांगत फिरते, माझो झील सुधारलो.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
श्रुतिकाचा मेसेज. खाली टपरीवर ये ना, एक बोलायचंय. नेमकी आईने पिंप घासायला काढायची टूम काढली. कसा जाऊ? पिंपावर बसून राहिलो. रिप्लाय दिला: बिझी.
चांगलंच झालं. अशाने ओढ वाढते.

२२ नोव्हेंबर
तिने दार वाजवलं. आत पिंप बुडबुडत होतं, वास सुटलेला. उघडलं असतं तर सरप्राइजची वाट लागली असती. श्वास रोखून उभा राहिलो. बाहेरून म्हणाली, मर मग!
प्रेम असल्याशिवाय कोणी असं बोलत नाही.

१ डिसेंबर
आई म्हणाली, मेल्या, भाताक दारूचो वास येता. नवा तांदूळ, म्हटलं.

७ डिसेंबर
गाळलं. रंग झकास. चव अजून शोधतेय स्वतःला.
अशोकाचं अशोकारिष्ट, तर श्रुतिकाचं? श्रुतिकारिष्ट! सोनेरी स्केचपेनने लेबल लिहिलं. संधी काय जमलाय!

८ डिसेंबर
दार तिच्या वडिलांनी उघडलं. भाऊराव, जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं. चष्मा लावून लेबल मोठ्याने वाचलं. विचारलं, अरिष्ट म्हणजे काय रे? औषध, म्हटलं. ते म्हणाले, औषध बाटलीत. माणसाच्या नावापुढे लावलं की संकट. माझी पोर संकट?
माझी सटकली. ओरडलो, हो, आहेच संकट!
श्रुतिका आतून हसत येत होती, ती तिथेच थांबली. म्हणाली, दोनदा बोलावलं तुला. थांब म्हणाला असतास तर थांबले असते यार.
मी म्हटलं, अगं, ते मुरत होतं ना!

९ डिसेंबर
पहाटे तिची टॅक्सी गेली. भाऊराव जिन्यात आईला म्हणाले, अरिष्ट टळलं. माझ्याकडे बघून.
बस्स. या घरात आता क्षणभर नाही. आईला सांगितलं, कायमचा चाललोय, शोधू नकोस.
आईने पिंपाकडे बोट केलं. म्हणाली, ह्यो वासाचो भात कोण खाताला? जातंस तर तांदूळ घेवन ये.
पिशवी घेतली. बाहेर पडलो. दार धाडकन लावलं.