बारा सूक्ष्मदर्शकांचे पार्सल सोडण्याबाबत, आणि तोवर खबर मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
विदेशी पार्सल तपासणी शाखा, मुंबई.

अर्जदार: भिकाजी सोनू मालंडकर, निवृत्त प्राथमिक शिक्षक,
मु. तळाशील, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

विषय: समुद्रमार्गे आलेले पार्सल विक्रीचा माल न समजता सोडणेबाबत.
संदर्भ: आपले दि. २६ मार्च २००७ चे पत्र.

महोदय,

१. एका खोक्यात बारा सूक्ष्मदर्शके व पत्त्यावर बारा नावे, तेव्हा हा माल विक्रीचा का समजू नये, अशी अर्जदारास विचारणा झाली आहे. अर्जदाराने आयुष्यात काहीही विकलेले नाही.

२. गावातल्या मुलांना पाण्याच्या थेंबातले जीव दाखवावेत म्हणून अर्जदाराने मालवणच्या सायबर कॅफेतून इंग्लंडमधल्या एका दुकानाकडे लहान सूक्ष्मदर्शकाची चौकशी केली. विमानाचे टपालभाडे वस्तूच्या किमतीहून जास्त निघाले. तेव्हा बारा घरांनी मिळून एकच मागणी नोंदवली. वजन कमी व्हावे म्हणून सूक्ष्मदर्शकांच्या जड लाकडी पेट्या दुकानदाराकडेच ठेवल्या आणि माल जहाजाने मागवला. भाडे घरटी किरकोळ पडले.

३. पत्त्यावरची बारा नावे ही चूक सर्वस्वी अर्जदाराची. आमच्याकडे रापण ओढताना जाळ्याच्या दोराला ज्याचा हात लागला, त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो लहान का असेना. म्हणून सर्व वाटेकरी लिहावे लागतात असे वाटले. यादीतील अपेक्षा दुसरीत शिकते. ती घाऊक व्यापारी नाही.

४. एक गोष्ट आपल्यापासून लपवणे बरे नव्हे. जहाज स्वस्त म्हणून निवडले हे खरे. पण ते उशिरा येते, हेही अर्जदारास ठाऊक होते. घरात भिंतीवर नकाशा लावला, पुठ्ठ्याची बोट केली. दर रविवारी मुले येऊन ती टाचणीने पुढे सरकवीत. जिब्राल्टर, सुएझ, एडन. सुएझच्या कालव्यात टाचणी कोणी टोचायची यावरून मारामारीही झाली. पत्नीच्या पश्चात सात वर्षांत अर्जदाराच्या पायरीवर एवढ्या चपला कधी नव्हत्या.

५. बोट मुंबईला लागली, आपले पत्र आले आणि ती तिथेच राहिली. पहिल्या रविवारी नऊ मुले आली, दुसऱ्या रविवारी तीन. गेल्या रविवारी अपेक्षा एकटी आली. तिने दारातूनच विचारले, "गुरुजी, बोट हलली काय?" नाही म्हटल्यावर "मगे येतंय" म्हणून निघून गेली. उद्या पुन्हा रविवार आहे.

६. सबब पार्सल सोडावे ही विनंती. लागेल तो कर भरू. निर्णयास वेळ लागणार असल्यास सोबतच्या पोस्टकार्डांपैकी एक दर आठवड्यास टाकावे. बुधवारी टाकल्यास शनिवारपर्यंत पोचते. मजकूर मोठा नको. अर्जदाराने मुंबई शहराचा नकाशा आणून भिंतीवर लावला आहे. पार्सल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेले, तरी कृपया कळवावे. बोट तेवढी सरकवता येईल.

आपल्या कार्डाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
भि. सो. मालंडकर
दि. २१ एप्रिल २००७

सोबत:
मागणीपत्राची प्रत.
बारा पालकांच्या सह्या (पैकी दोन अंगठे).
अर्जदाराचा पत्ता घातलेली कोरी पोस्टकार्डे, दहा.