आधी चांगला डोळा

मंगळवार, १२ मार्च

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझ्या भाचीची परीक्षा संपली, ह्यांचा गुडघा कुरकुरतोय, आणि मी नेहमीसारखी सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली आहे. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू हे पाकीट दोन दिवस रंध्याखाली दाबून ठेवशील, हे मला माहीत आहे. ठेव. पण तिसऱ्या दिवशी फोड.

वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, तिचा जीव टांगणीला लागलाय. लाकडाची ढलपी उडून लागली होती तो तुझा डावा डोळा आता पांढरा झालाय म्हणे. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू इतका पिकलाय की मागचं काहीच दिसत नाही, ऑपरेशनआधी डोळ्याची सोनोग्राफी करून आणा. आणि तू म्हणालास, नको. कारण ती सोनोग्राफी करणारी बाई म्हणजे मी.

अरे, दहा मिनिटांचं काम आहे. तू खुर्चीत मान मागे टेकून डोळा मिटायचा. मी पापणीवर गार जेल लावून जाड पेनासारखा प्रोब टेकवणार. त्यातून आवाज आत जातो, आपल्याला ऐकूही येत नाही असा, आणि आपटून परत आला की स्क्रीनवर डोळ्याच्या आतलं चित्र उमटतं. मी म्हणणार, वर बघ, खाली बघ, नाकाकडे बघ. लहानपणापासून तू माझं एक ऐकलं नाहीस, तिथे मात्र ऐकावं लागेल. दुखत नाही. तुझ्या दाढीला याहून जास्त वेळ लागतो.

बढाई मारते म्हण, पण बावीस वर्षं हेच करतेय. मागचा पडदा जागेवर आहे की सुटलाय, हे मी चहा गार व्हायच्या आत सांगते. सुटला असेल तर ताजा की जुना, तेही. ताजा सुटलेला पडदा डोळा हलला की आत लहरतो, दोरीवरच्या चादरीसारखा. जुना झाला की ताठतो, हलत नाही. हे लक्षात ठेव, खाली लागणार आहे.

मला ज्यांनी शिकवलं त्या मोठ्या बाईंचा एक नियम होता. आधी चांगला डोळा. पेशंट दुखऱ्या डोळ्याकडे बोट दाखवतो आणि सगळे तिकडेच धावतात. बाई म्हणायच्या, "जो तक्रार करत नाही त्याला कुणी विचारत नाही गं. तू विचार." मी आजही प्रत्येकाचा आधी चांगला डोळा बघते. लोक वैतागतात, वैतागू देत.

आता वहिनीचं दुसरं वाक्य. रडत म्हणाली, "हे म्हणतात, बाबांचा डोळा मी घालवला, आता माझा गेला तर फिटंफाट होईल."

दादा, तू मूर्ख आहेस. आणि मी त्याहून वाईट.

ती दुपार तुला सांगायला नको. तू बाबांना स्कूटरवरून आणत होतास, खड्डा आला, त्यांचं कपाळ तुझ्या हेल्मेटवर आपटलं. चार दिवसांनी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे अंधार. मी तपासत होते आणि तू हेल्मेट हातात धरून दारात उभा होतास. तू विचारलंस, "माझ्या धक्क्याने झालं का गं?" मी स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "असू शकतं."

बस, एवढंच म्हणाले. पण आत्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ते पक्कं केलं. तू स्कूटर विकलीस. मग आमच्याकडे येणं सोडलंस.

असू शकत नव्हतं, दादा. मला त्याच क्षणी दिसत होतं. मी बाबांना वर बघा, खाली बघा म्हणत होते आणि तो पडदा ढिम्म हलत नव्हता. ताठ, सुरकुत्या पडलेला. तो चार दिवसांचा नव्हता, कित्येक महिन्यांचा होता. खालच्या बाजूने हळूहळू सुटत वर आला होता.

आणि तो मला आधी सापडला असता. त्या अपघाताच्या सात महिने आधी बाबा डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी माझ्याकडेच आले होते. जेवणाची सुट्टी झाली होती. मी डावा आधी केला, घरचंच माणूस ना! उजव्याला जेल लावायला गेले तर म्हणाले, "अगं, तो ठणठणीत आहे. चल, भूक लागली." आणि मी प्रोब पुसून ठेवला. परक्या माणसाला मी असं कधीच सोडलं नसतं. पुढे ऑपरेशन होऊन डावा लख्ख दिसायला लागला, त्यामुळे उजव्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तेव्हा बघितला असता तर बहुतेक वाचला असता.

बाबांना मी सांगितलं होतं, ते जायच्या आदल्या वर्षी. म्हणाले, "मला काय सांगतेस? मला एक डोळा पुरला. दादाला सांग." त्यालाही तीन वर्षं झाली. माझा रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे म्हणतात. ते ऐकायची चटक लागली होती मला. लाज वाटत होती आणि ती झाकायला मी तुला पुढे केलं, खरं ते हे आहे. मला माफ कर असं आज म्हणत नाही. आधी डोळा वाचव, मग येऊन भांड, आणि भांडताना दोन्ही डोळ्यांनी बघ माझ्याकडे.

२१ तारखेला, गुरुवारी, सकाळी अकराला ये. उपाशी यायचं नाही, नाश्ता करून ये. माझा हात नको असेल तर पलीकडच्या खोलीतली डॉक्टरीण करेल. तिला मीच शिकवलंय, हात चांगला आहे तिचा. मी बाहेर बाकावर बसेन. पण आधी तुझा उजवा डोळा तपासला जाईल. तू कितीही ठणठणीत म्हणालास तरी.

बाबांच्या त्या दिवसाचं चित्र सोबत जोडलंय. कागद पिवळा पडलाय, पण पडदा दिसतो. तेव्हा रिपोर्टात मी "पडदा सुटलेला" इतकंच लिहिलं होतं. राहिलेलं आज लिहून सही करते.

उजवा डोळा : पडदा सुटलेला. जुना, काही महिन्यांचा. कपाळाला मार लागायच्या बराच आधीचा. मुलाच्या हातून काहीही झालेलं नाही.

तपासणारी,
तुझी धाकटी बहीण