सहा मिलिमीटरची फट

७ फेब्रुवारी २०२२, सोमवार. किसुमु.
निर्णय पक्का. आधी ब्रेसेस, मग जबड्याचं ऑपरेशन. वय शेहेचाळीस. डॉ. नेकेसा म्हणाल्या, उशीर झालाय, पण फार नाही. माझे मागचे दात मिटले तरी पुढचे एकमेकांना भेटत नाहीत. त्यांनी पट्टी लावून मोजलं. सहा मिलिमीटर. जन्मभर मला वाटत होतं दोन असेल.
दीड वर्ष तारा, मग ऑपरेशन, मग परत तारा. मी म्हटलं, माझ्या बाबतीत वर्षभरात सगळं आटपेल, मी शिस्तीचा माणूस आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. बहुधा हेच.

कारण नोंदवून ठेवतो. एकोणीस वर्षं कोर्टात दुभाष्या आहे. मॅजिस्ट्रेट इंग्रजीत बोलतात, लोक लुओत किंवा स्वाहिलीत, आणि मध्ये मी. पण 'स' म्हटला की फटीतून वारा सुटतो आणि 'थ' बाहेर येतो. सहा, सात, साठ, सत्तर. शिक्षेचे सगळे आकडे 'स'चेच. गेल्या आठवड्यात सत्तर दिवस म्हणालो, तर आरोपी मागे वळून भावाला विचारू लागला, किती म्हणाला हा? लोक हसले. मॅजिस्ट्रेट चेप्कोएच मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी फाइल तोंडासमोर धरली.
मुख्य दुभाष्याची जागा दोनदा निघाली, दोन्ही वेळा दुसऱ्याला मिळाली. दातांशिवाय दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

८ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. रिस्पा शाळांचे गणवेश शिवते. तोंडात टाचण्या होत्या म्हणून लगेच बोलली नाही. टाचण्या काढून म्हणाली, "अवूरचे बाबा, तेवीस वर्षं मला तुमचं बोलणं कळतंय. आता कुणाला कळायचं राहिलंय?"
तिला दूरचं दिसत नाही. टाचण्या परत तोंडात.

२१ फेब्रुवारी
तारा बसल्या. दुखत नाही.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
दुखतंय. मक्याच्या पिठाची उगालीसुद्धा चावता आली नाही. पाण्यात कालवून गिळली.
डॉक्टरांचं म्हणणं, खरी गुन्हेगार जीभ. गिळताना मी ती पुढे ढकलतो, लहानपणापासून, आणि दात उघडे राहतात. दिवसातून दोनदा दहा मिनिटं जिभेचा व्यायाम करायचा. उद्यापासून.

२२ फेब्रुवारी
जीभ तारेने सोलली आहे. सोललेल्या जिभेला व्यायाम देणं शास्त्राला धरून होणार नाही. परवापासून.

२८ फेब्रुवारी
कोर्टातला कारकून ओटिएंडे म्हणाला, "झब्लोन, कुंपण मजबूत घातलंस. शेळ्या आत आहेत की बाहेर?" दिवसभर तेच. दुपारी वकीलसुद्धा शेळ्यांची चौकशी करून गेले.
हसू दे. हे सगळे लोक उद्या माझ्याकडे उच्चार शिकायला येतील.

१९ मे
अवूर हॉस्टेलवरून सुट्टीला आली. म्हणाली, "बाबा, माझ्या वर्गात तिघींना ब्रेसेस आहेत." मला बरं वाटलं. मग म्हणाली, "त्या सोळा वर्षांच्या आहेत."
जिभेचा व्यायाम: सोमवारपासून नक्की.

३ नोव्हेंबर
फट सात मिलिमीटर झाली. वाढली. डॉक्टर म्हणाल्या, अपेक्षितच आहे, दात आपल्या हाडावर सरळ उभे राहताहेत, आता बाकीचं ऑपरेशन करेल. मग विचारलं, व्यायाम करता ना? मी म्हटलं, नियमित. त्यांनी पाणी प्यायला दिलं आणि ओठ उघडून बघितलं. जीभ पुढे आलीच.
त्यांनी व्यायामाचा कागद परत माझ्या हातात दिला. ते जास्त लागलं.

१६ मार्च २०२३
तेरा महिने. थकलो. जेवण झालं की ब्रश, चहा झाला की ब्रश. साक्षीदार उलटतपासणीत रडत होता आणि मी आरशात बघून तारेतला पालकाचा धागा काढत होतो. मॅडम म्हणाल्या, मिस्टर ओडेनी, तुमचं झालं की आपण पुढे जाऊ.

२४ जुलै
ऑपरेशन १४ ऑगस्टला. नैरोबीहून सर्जन येतात. वरचा जबडा कापून वर सरकवायचा, पट्ट्या आणि स्क्रूंनी बसवायचा. सर्जन हे कपाटाबद्दल बोलावं तसं बोलले. खालचा ओठ कदाचित बधिर राहील, म्हणाले. खालच्या जबड्यालाही थोडा हात लावावा लागेल. सही केली. हात स्थिर होता. पेन खराब होतं म्हणून सही वाकडी आली.
अडीच महिने रजा. माझ्या जागी तात्पुरती वेल्मा ओगुतू नावाची मुलगी येणार आहे. सव्वीस वर्षांची. काळजी वाटते, तिची नाही, कोर्टाची. तिच्यासाठी सूचना लिहायला घेतल्या.

११ ऑगस्ट
सूचना चौदा पानं झाल्या. वेल्माला दिल्या. तिने "थँक यू अंकल" म्हणून पिशवीत टाकल्या. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, म्हाताऱ्या बायकांशी कसं बोलायचं, सगळं आहे त्यात. तिने एक पान उघडलं असतं तर बरं वाटलं असतं.

१४ ऑगस्ट, सकाळी
भीती अजिबात नाही. रिस्पाचे हात थंड होते, वॉर्डात पंखा जोरात होता म्हणून. मी तिला सांगत होतो की काही झालंच तर अवूरची शाळा बदलू नको. ती म्हणाली, "दात नीट करायला चाललात, लढाईला नाही." मग माझ्या सदऱ्याची चारदा घडी घातली. घडी नीटच होती.

१७ ऑगस्ट
लिहितोय. तेवढंच जमतं. तोंड रबरांनी बांधलं आहे. चेहरा भोपळा. नाकातून रक्त. आरसा बघितला. माझ्या थोरल्या काकांसारखा दिसतो. ते वारले तेव्हा होते तसा.

१९ ऑगस्ट
घरी. उजीची आंबट पेज, सिरिंजने, गालाच्या कोपऱ्यातून. एका वाटीला पाऊण तास. रिस्पा भरवते. अर्धी पेज हनुवटीवरून जाते, मला कळत नाही, ओठ झोपलेला आहे. ती पुसते. आपण फार ओझं होतोय असं लिहायला पाटी घेतली, पण आधी पेज गार आहे, सिरिंज नीट धर, असं लिहिता लिहिता पाटी भरली. तिने पहिली ओळ वाचली आणि मशीनवर जाऊन बसली.

२६ ऑगस्ट
शेजारी ओमेना तळतायत. वास भिंतीतून येतो. छोटे छोटे मासे, कुरकुरीत, मीठ. खिडकी बंद करायला सांगणार होतो. नाही सांगितलं.

३ सप्टेंबर
मेहुणा आला. दरवेळी आमचं भांडण होतं. आज तो एकटाच दीड तास बोलला, जमिनीची वाटणी, वडिलांचं आजारपण, सगळं. मी मान हलवली. जाताना रिस्पाला म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींशी बोललो."
नवीन जबड्यामुळे चेहऱ्याला एक वजन आलं आहे. लोकांना ते जाणवतं.

२२ सप्टेंबर
रबरं सैल केली. अकरा किलो कमी. पहिला शब्द काय बोलायचा हे मी महिनाभर ठरवत होतो. "सत्य." आरशासमोर म्हटलं. लाळ गळली. पण फट नाही. वरचे दात खालच्यांवर टेकले. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. किती तरी वेळ तसाच दात मिटून बसून राहिलो. रिस्पाने विचारलं, चिडलात का?

९ ऑक्टोबर
रजेवर असूनही कोर्टात डोकावलो. मागच्या बाकावर बसलो. कोर्ट कोलमडलं नव्हतं. बावीस प्रकरणं जेवणाच्या सुट्टीआधी संपली. माझ्या वेळी चार वाजायचे. वेल्मा वेगवान आहे, पण बोलण्यात खोली नाही. मॅडमनी मला बघितलं, बोलावून घेतलं, म्हणाल्या, "मिस्टर ओडेनी, पूर्ण बरे व्हा. अजिबात घाई करू नका."
माझी किती काळजी आहे त्यांना.

३० ऑक्टोबर
रुजू झालो. ओठ अजून बधिर, 'स' जाड येतो. मॅडम म्हणाल्या, तारा निघेपर्यंत वेल्मालाच राहू दे, तुम्ही तिला मदत करा. म्हणजे तिचं शिक्षण माझ्याकडे सोपवलं. मी तिच्या शेजारी उभा राहतो. ती बोलते. मी पाण्याचा ग्लास भरतो.
ओटिएंडे म्हणाला, "शेळ्या कुठे गेल्या?" मी पाणी आणायला गेलो. प्रश्न मात्र मनात राहिला.

१५ एप्रिल २०२४
तारा निघाल्या. डॉ. नेकेसांनी पुढच्या दातांत कागद धरून ओढला. फाटला. त्यांनी फाटलेला तुकडा मला दिला. आयुष्यात इतकं देखणं प्रमाणपत्र मिळालं नव्हतं.
प्लॅस्टिकचा साचा दिला आहे, दातांवर कायम घालायचा, नाहीतर जीभ परत दरवाजा उघडेल. आणि व्यायाम. यावेळी खरंच.

संध्याकाळी रिस्पासमोर उभा राहून सगळं म्हणून दाखवलं. सहा, सात, साठ, सत्तर, साक्षीदार, सजा, सुटका. एकही वारा नाही. तिने कात्री खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "छान." मग थोड्या वेळाने, कापड मोजता मोजता, "घरात कुणी पाहुणा बोलतोय असं वाटतं. होईल सवय." कापड दोनदा मोजलं तिने, पहिला आकडा विसरली.
थकली असेल. दोन वर्षं घर तिनेच ओढलं.

६ मे
मॅडमना भेटलो. म्हटलं, मी तयार आहे. एक पूर्ण परिच्छेद म्हणून दाखवला, 'स'ने भरलेला. मॅडम म्हणाल्या, "फारच सुंदर, मिस्टर ओडेनी." आणि वर लिहिते म्हणाल्या.

२७ जून
पत्र आलं. रेकॉर्ड रूम. प्रमुख. तळमजला, एक खिडकी, चाळीस वर्षांच्या फाइली. दुभाष्याच्या जागेवर वेल्मा कायम.
नीट विचार केला तर हा सन्मान आहे. विश्वासू माणसाशिवाय रेकॉर्ड कुणाकडे देत नाहीत. रिस्पाला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटत असेल तर वाटू द्या ना." मी म्हटलं, वाटत नाहीये. तिने माझ्या ताटात माशाचं डोकं वाढलं. आमच्या घरी ते खास दिवशीच मला मिळतं.

१२ ऑगस्ट
दिवसभरात तीन माणसं आली. एक चुकून. बाकी वेळ फाइलींची नावं मोठ्याने वाचतो, सराव राहावा म्हणून. आवाज छान घुमतो इथे.
साचा घरी विसरलो. एका दिवसाने काही होत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार
खिडकीशी एक म्हातारी आली, सेमेकडच्या खेड्यातली. जमिनीच्या निकालाची नक्कल हवी होती. मी तिला सगळं सांगितलं: कोणता अर्ज, कुठला शिक्का, सहा नंबरच्या खोलीत सही. लुओत, एकेक 'स' घासून पुसून. मला स्वतःला ऐकत राहावंसं वाटलं.
तिने कानामागे तळवा धरला. म्हणाली, "पोरा, तू भरभर बोलतोस. वरची मुलगीपण भरभर बोलते. आधी इथे एक जण होता. पुढचे दात उघडे, बोलला की वारा जायचा. त्याचं एकदा सांगितलेलं कुणालाच कळायचं नाही, म्हणून तो परत सांगायचा. मग परत. तिसऱ्या वेळी मला कळायचं. माझ्या नवऱ्याचा खटला मला त्याच्यामुळेच समजला. तो कुठे गेला?"

मी फाइल शोधायला मागे गेलो. फाइल समोरच होती. तरी शेजारच्या दोन-तीन फाइली काढून परत ठेवल्या. मग नक्कल काढून दिली, सहीसाठी सहा नंबरपर्यंत तिच्याबरोबर गेलो, परत खिडकीशी आणून बाकावर बसवलं. तिने पुन्हा विचारलं, तो माणूस कुठे भेटेल.
म्हटलं, त्याची बदली झाली.
तिला ऐकू गेलं नाही. परत म्हटलं. मग अजून एकदा, हळू.
तिसऱ्या वेळी कळलं तिला.