छंदाच्या रकान्यात पेटी

तीर्थस्वरूप लालामामांस पलूसहून भाचा धैर्यशीलचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुमची तब्येत झकास असणार. मामीच्या गुडघ्याला उतार पडो. तुमी माझा फोन उचलायचं बंद केलंय, म्हंजे बातमी पाटणपातुर पोचलेली दिसते. म्हणून हे पत्र.

आवं मामा, माझ्या लग्नाच्या बायोडाटात 'छंद'च्या पुढं 'पेटीवादन' लिहायला तुमास्नी कुणी सांगितलं होतं? मी उसाशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला न्हाई. त्यात माझे हात हे असले, भर थंडीतबी तळव्यास्नी घाम. (शाळेत पेपर भिजायचा. मास्तरास्नी वाटायचं पोरगं रडलंय, आणि मार्क बघून तर खात्रीच पटायची.) पण वडूजच्या पाव्हण्यांनी कळवलं, आमच्या राजेश्वरीला पेटीची लय आवड, येताना वाजवून दाखवा. शेती करणाऱ्याला हल्ली पोरगी देतंय कोण? आणि खोटं कशाला बोलू, फोटो बघितल्यापासनं माझा जीव तिच्यात अडकला होता. म्हणून शिवतेज सरांच्या क्लासात शाळकरी पोरींच्या रांगेत मांडी घालून बसलो. एका पट्टीवर बोट ठेवलं की शेजारणीवर घसरायचं. पावडर लावली, तिचा चिखल झाला. सर म्हणायचे, घाम गाळल्याबिगर विद्या येत न्हाई. आता आणि किती गाळू?

बघायच्या दिवशी सरास्नी आधाराला घेऊन गेलो, इथंच चुकलं. पहिलीच पट्टी दाबली ती वर येईना, भोंग्यागत कोकलत बसली. मी घाबरून रुमालानं सगळ्या पट्ट्या पुसल्या, तर सगळे सूर एकदम निघाले आणि तिची आजी म्हणाली, "लय ग्वाड वाजिवतोस रं!" सगळं घर हसलं. राजेश्वरी तेवढी हसली न्हाई. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो माझ्या हातातनं निसटून तिच्याच पायावर पडला. शेवटी माझी अब्रू राखायला सरांनी पेटी पुढं ओढून भजन लावलं. ते संपायच्या आत तिचा बाप त्यास्नी विचारत होता, "सर, तुमचं लग्न झालंय का?" करायला गेलो गणपती, झाला मारुती. गेल्या रविवारी दोघांची सुपारी फुटली. सर पेढे घेऊन आले होते. हातात दिले न्हाईत, कागदावर ठेवले.

मामा, तुमचा लय राग आलाय. इथनं पुढं माझ्या लग्नाच्या भानगडीत पडू नका. मी एकटा सुखात हाय. म्हशीला माझ्या हाताचं काय वाटत न्हाई.

तुमचाच, पण नाइलाजानं,
धैर्यशील

ता. क. राजेश्वरीला धाकटी बहीण हाय म्हणे. जरा विचारून बघा.

आणखी एक. बायोडाटा बदला, पण हातानं वाजवायचं, धरायचं काय लिहू नका. 'पोहणे' लिहा. पाण्यात कुणाचा हात ओला, कुणाचा कोरडा, कळत न्हाई. मला पोहायला येत न्हाई हे तुमास्नी ठावं हायच. पण कृष्णा काय लांब न्हाई. शिकलो तर लग्न होईल, बुडालो तर तुमी सुटाल.